जुनी पिकअप हाती आली, आता सुरुवात कुठून?

दहा-बारा वर्षं चाललेली पिकअप घेताना आपण टायर बघतो, हौद्याचा पत्रा ठोकून बघतो, इंजिन चालू करून धूर बघतो आणि सौदा उरकतो. गाडी घरी आली की आठवडाभरात कळतं, तिच्याबरोबर आधीच्या मालकाच्या सवयीही आल्यात. वायरींना गुंडाळलेली टेप, रेडिएटरमध्ये साधं पाणी, कित्येक वर्षं ग्रीस न लागलेले निपल, म्हणजे सांध्यांत ग्रीस भरायची छोटी तोंडं. हा लेख अशा गाडीच्या नव्या मालकासाठी आहे. त्याने आजवर ऑइलही स्वतः बदललेलं नसेल, तरी चालेल.

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडचा भाजीपाला कल्याणला न्यायचा तर माळशेज घाट उतरावा लागतो, आणि पाठीवर भरलेले क्रेट असताना त्या उतारावर गाडीची प्रत्येक ढिलाई कळते. इथे मी डोक्यात ठेवून बोलतोय ती आपल्या रस्त्यांवरची नेहमीची पिकअप: पुढे डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मागे कमानपाटे. बोलेरो पिकअप, टाटा 207 अशा गाड्या या घडणीच्या. 2005 साली आलेल्या टाटा एसचं, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचं, इंजिन लहान आणि ते बसवलेली जागा वेगळी, पण तपासायची रीत तीच. ऑइल किती लिटर, टायरमध्ये हवा किती, नट किती आवळायचा, हे आकडे मात्र आपल्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. पुस्तक हरवलं असेल तर मॉडेल आणि साल सांगून मिळवा. पहिला खर्च तिथेच करा.

हत्यारं आणि घोड्या

सुरुवातीला 10 ते 19 पर्यंतचे फिक्स पाने आणि रिंग पाने, एक बरा गोटी सेट, पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, तारेचा ब्रश, ग्रीस गन आणि साधा मल्टीमीटर पुरतो. टॉर्क पाना पुढे घ्या, पण घ्याच. स्वस्तातला पाना नटाचे कोपरे खातो, आणि गोल झालेला नट काढण्यात जी दुपार जाते ती त्या वाचलेल्या पैशांपेक्षा महाग पडते.

जॅकच्या आधाराने उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर चासीखाली किंवा ॲक्सलखाली लोखंडी घोड्या लावा, गाडी घोड्यांवर टेकवा, हाताने हलवून बघा आणि मगच खाली जा. विटा रचू नका, वीट कसलीही सूचना न देता फुटते. गाडी सपाट आणि टणक जागेवर हवी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत. आणखी एक लक्षात घ्या: हँडब्रेक सहसा मागच्या चाकांनाच असतो. मागची बाजू उचलली की तो गाडी धरून ठेवत नाही.

पहिला रविवार: फक्त बघायचं

नवीन माणसाला लगेच काहीतरी खोलावंसं वाटतं. पहिल्या दिवशी पाना पेटीतच राहू द्या. गाडी खालून धुवून घ्या, वाळू द्या, जमिनीवर जुना पुठ्ठा अंथरून रात्रभर उभी ठेवा. सकाळी पुठ्ठा सगळं सांगतो. काळा डाग इंजिनाखाली असेल तर इंजिन ऑइल, मागच्या ॲक्सलच्या मध्याखाली दाट आणि उग्र वासाचा असेल तर डिफरन्शियलचं (शाफ्टची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल, हिरवट किंवा लालसर पाणी असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर ब्रेक ऑइल गळतंय असं धरून चाला आणि त्याचा छडा लागेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

मग एक वही करा. किलोमीटरचा आकडा, तारीख, काय दिसलं, काय बदललं. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो, तोही वहीत लिहा. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसत असली तरी कडेला भेगा पडलेला जुना टायर भरल्या गाडीला घाटात दगा देतो. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर बाद.

सेल्फ जड चालतोय? बॅटरीवर आळ घेण्याआधी

इथे जरा थांबून सांगतो, कारण जुन्या गाडीत सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

माझी पिकअप एका थंडीत सकाळी सेल्फ मारला की कण्हायची. बॅटरी बदलली. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सेल्फ खोलून दिला, त्याचे ब्रश आणि बुश नवीन पडले. तरी फरक नाही. शेवटी गाडीखाली पडून बघितलं, तर इंजिनाकडून चासीला येणारी अर्थिंगची जाड पट्टी बोल्टापाशी हिरवी पडली होती आणि तिच्या निम्म्या तारा तुटलेल्या. नवीन पट्टी लावली, दोन्ही टोकांचा गंज घासला आणि पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. आधीचा सगळा खर्च मी स्वतःच्या अंदाजाने केला होता, कुणीही काहीच मोजलं नव्हतं.

मोजायचं असं. मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. आता एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. खांबावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिनच्या ब्लॉकवरच्या स्वच्छ धातूवर धरा. गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला आहे ना ते बघा आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा 0.2-0.3 च्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा तुटलेली तार आहे. माझ्या त्या पट्टीवर तो दोन व्होल्टच्या जवळ गेला असता, असा माझा आजचा अंदाज. मग हीच परीक्षा पॉझिटिव्ह बाजूला घ्या: बॅटरीचा खांब आणि सेल्फवरचा जाड बोल्ट. मल्टीमीटरची टोकं आणि तुमचे हात फॅनपासून लांब असू द्या.

इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.4 च्या दरम्यान व्होल्ट दिसले की अल्टरनेटर काम करतोय. 13 च्या खाली राहिले तर आधी बेल्ट ढिला आहे का ते बघा. 15 च्या वर जात असतील तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळेल.

विजेचं कोणतंही काम करताना आधी निगेटिव्ह केबल काढायची आणि शेवटी लावायची. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर जी ठिणगी उडते ती बॅटरीच्या गॅसला पुरेशी असते.

इंजिन ऑइल बदलणं

स्वतः करायचं पहिलं काम हेच असावं. जुन्या डिझेल पिकअपला बहुधा 15डब्ल्यू-40 जातं, तरी पुस्तक बघा.

1. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट करा. गार ऑइल घाण घेऊन बाहेर येत नाही, आणि फार गरम असलं तर हात पोळतात.
2. खाली पसरट भांडं ठेवा, इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण उघडा, मग खालच्या चेंबरचा, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट काढा. शेवटचे आटे हाताने सोडा.
3. ऑइल गळतं तेवढ्यात फिल्टर काढा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. ते राहिलं आणि वर नवीन फिल्टर बसला तर सगळं ऑइल रस्त्यावर सांडतं.
4. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा. रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि त्यानंतर पाऊण फेरा, तोही हातानेच. पाना लावू नका.
5. खालच्या नटाला नवीन वॉशर घालून तो बसवा. त्याचे आटे गेले की चेंबरचं काम निघतं, म्हणून अंगातली ताकद इथे दाखवू नका.
6. सांगितलेल्यापेक्षा थोडं कमी ऑइल ओता, एक मिनिट इंजिन चालू ठेवा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघून उरलेलं भरा.

डिझेल इंजिनातलं ऑइल दोन दिवसांत काळं होतं, त्याने घाबरू नका. ते दुधी किंवा चहाच्या रंगाचं झालं तर मात्र पाणी आत जातंय. काहीही न भरता पातळी वाढत असेल तर डिझेल किंवा कूलंट ऑइलमध्ये उतरतंय, तेव्हा इंजिन चालू करू नका. काढलेलं ऑइल बांधावर ओतू नका, ती जागा पुढे कित्येक वर्षं काही उगवू देत नाही. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलच्या ऑइलबद्दल एकच सांगतो: भरायचा नट आधी सोडवून बघा, मग खालचा काढा. उलट केलंत आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी रिकाम्या डिफरन्शियलने अंगणात अडकते.

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा, असलेल्या गाडीला एक सवय लावून घ्या. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन आयडलला राहू द्या. टर्बोच्या बेअरिंगला तेवढा वेळ ऑइल मिळालं पाहिजे.

पाणी, बेल्ट आणि धूर

रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडू नका. साधं पाणी 100 अंशाला उकळतं, पण बंद रेडिएटरमध्ये दाब असतो म्हणून ते त्याहून जास्त तापूनही द्रव राहतं. झाकण उघडलं की दाब जातो, सगळं एकदम उकळून उसळतं आणि तोंड, हात भाजतात. इंजिन पूर्ण गार झालं, वरचा होज पाइप हाताला थंड लागला की मगच.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्याचा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळा, निम्मं-निम्मं हे नेहमीचं प्रमाण. आपल्याकडे पाणी गोठत नाही मग कूलंट कशाला, असं बरेच जण म्हणतात. ते गंजही थांबवतं आणि उकळण्याचा अंशही वर नेतं, म्हणून हवं. पाणी मिसळून दिलेलं तयार कूलंट घेतलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका.

होज पाइप गार असताना दाबून बघा. फुगलेला, लिबलिबीत किंवा कडक होऊन चिरलेला असेल तर बदला. फॅन बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला की साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबावा. जुना पण धड बेल्ट फेकू नका, सीटमागे ठेवा.

धुराकडे रोज एकदा बघा. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चिंता नाही. तो थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेडगास्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर आला तर पहिल्यांदा एअर फिल्टर बघा. आपल्या शिवारातल्या धुळीत तो लवकर कोंदतो, आणि काही शे रुपयांचा फिल्टर बदलण्याऐवजी लोक इंजेक्टर खोलायला घेतात.

डिझेल लाइनला हवा धरली तर

टाकी तळापर्यंत रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते आणि इंजिन सुरू होत नाही. फिल्टरजवळ हाताने दाबायचा पंप असतो. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा ढिला करा, पंप मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग डिझेल. तेव्हा पंप मारतानाच स्क्रू आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला गार होऊ द्या. फिल्टरखाली पाणी साठायची वाटी असेल तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला तिचा नट सोडून पाणी काढा.

इथे सावध करतो. जुन्या साध्या पंपाच्या गाडीत मेस्त्री इंजेक्टरचा पाइप ढिला करून हवा काढतात, ते तुम्ही पाहिलं असेल. गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी, असेल तर हे करू नका. त्या लाइनमध्ये 1000 बारच्या वर दाब असतो. त्यातून निघालेली बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं आणि आत जखम सडते. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

ब्रेक

ब्रेकचं काम पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा. तपासणी मात्र तुमची तुम्हीच करा, दर महिन्याला.

इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलने चालणाऱ्या ब्रेकच्या मुख्य पंपाचं, रबर गेलंय. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. मागचा ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओलं आहे का बघा. लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर, ऑइल किंवा ग्रीस पोचलं असेल तर घासून किंवा पेट्रोलने धुवून भागत नाही, दोन्ही बाजूंचे लायनर बदला. ड्रममधली पूड कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 प्रतीचं ताजं ऑइल कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की तीच मर्यादा 140 वर येते. माळशेजसारख्या उतारावर सतत ब्रेक दाबले की चाकाजवळ तेवढी उष्णता होऊ शकते, ऑइलची वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला, आणि उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा.

ब्रेक लाइनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे सहसा मागच्या डाव्यापासून, सुरुवात करतात. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. मदतनिसाने तीन-चारदा पेडल मारून दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा सोडायचं, बुडबुडे थांबले की आवळायचं आणि मगच त्याला पाय उचलायला सांगायचं. मास्टर सिलिंडरवरची ब्रेक ऑइलची बाटली अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल चुकूनही घालू नका, सगळी रबरं फुगतात. काम झाल्यावर आधी अंगणात, मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक बघा.

ग्रीस आणि पाटे

ग्रीस गन हे पिकअपवाल्याचं सर्वांत स्वस्त औषध आहे. प्रोपेलर शाफ्टचे (गिअर बॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हासारखे सांधे, शाफ्टची सरकती बाजू, पाट्यांच्या शॅकल पिना, स्टेअरिंगचे सांधे: जिथे निपल दिसेल तिथे. आधी फडक्याने निपल पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. क्रॉसच्या चारही वाट्यांतून नवीन ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. एका वाटीतून येत नसेल तर ती कोरडी चालतेय. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून 'टक्' असा आवाज येऊ लागला की क्रॉसला खेळ आलाय. शाफ्ट काढायचा झाला तर जोडांवर खडूने किंवा रंगाने खुणा करा आणि तसाच परत लावा, नाहीतर गाडी थरथरते. पावसाळ्यात मी महिन्यातून एकदा ग्रीस मारतो, एरवी दोन महिन्यांतून.

पाट्यांवर गंजाची ताजी तांबूस रेष आडवी दिसली तर तिथे चीर आहे. गाडी एका बाजूला झुकली तर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट बघा. नवीन पाटे बसवल्यावर, तसंच चाक काढून लावल्यावर, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचेच. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा आणि लावताना समोरासमोरचे आवळत जा.

हौदा

रासायनिक खताच्या गोण्या वाहिल्या तर त्याच दिवशी हौदा धुवा. सांडलेलं खत दमट हवेत पाणी ओढतं आणि पत्रा खातं, मासळीचं खारं पाणीही तसंच. हौद्याच्या आणि दारांच्या तळाला पाणी जाण्याची भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवा. गंज दिसला तर चकाकी येईपर्यंत घासा, रेड ऑक्साइड मारा, वाळल्यावर रंग. गंजावरच रंग मारला तर आत तो पसरत राहतो. चासीला भोक पडलं असेल किंवा पापुद्रे निघत असतील तर घरी वेल्डिंग करू नका.

मेस्त्रीकडे केव्हा जायचं

क्लच प्लेट, इंजेक्टर, पंपाचं टायमिंग, हेड, स्टेअरिंग बॉक्स, चासी: ही कामं पहिली दोन वर्षं तरी मेस्त्रीचीच. हौद्याची उंची वाढवायची, जादा पाटे घालायचे असं मनात असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. त्या तारखेच्या महिनाभर आधी दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, टायर आणि धूर यांची तपासणी उरका, म्हणजे पार्ट मागवायला वेळ राहतो.

मेस्त्रीकडे जाताना वही बरोबर न्या. 'क्लच गेलाय' असं निदान सांगू नका, जे घडतं ते सांगा: तिसऱ्या गिअरमध्ये चढाला इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, भरलेली असतानाच, गेल्या पंधरा दिवसांपासून. काढलेला पार्ट मागून घ्या आणि कुठे झिजलाय ते त्यालाच दाखवायला सांगा. पार्ट हातात धरून समजावून सांगणारा मेस्त्री मिळाला तर त्याच्याच गॅरेजला जात राहा, थोडा लांब असला तरी.